बोलता आले पाहिजे, गाता नाही

आमच्या घरात भरलेली बादली उचलायला मनाई असलेला एकच माणूस होता, आणि रिकामी बादली उचलायला मनाई असलेलाही तोच. तो म्हणजे आमचे हे.

ह्यांच्या हृदयाचा स्नायू जाड झाला आहे असे कळले, तेव्हा पहिल्या डॉक्टरांनी जाता जाता "जपा" एवढाच शब्द टाकला होता. तो नेमका माझ्या नणंदेने उचलला. वन्सं आमच्याच मजल्यावर समोरच्या खोल्यांत राहतात. त्यांनी भावाला असे जपले, की काचेच्या बरणीलाही हेवा वाटावा. ह्यांनी खिडकी उघडायची नाही, खुर्ची ओढायची नाही, वरच्या फळीवरून चष्मासुद्धा काढायचा नाही. एकदा ह्यांना जोरात शिंक आली, तर वन्सं हातातली चाळणी तशीच घेऊन धावत आल्या. "हळू शिंक रे! कुणी पाठीमागे लागलंय का?"

हे नाटक कंपनीत प्रॉम्प्टर. विंगेतल्या उंच स्टुलावर बसायचे, मांडीवर नाटकाची वही उघडी ठेवायची, आणि नट अडला की पुढचा शब्द द्यायचा. तोही असा, की नटाच्या कानात पडावा आणि पहिल्या रांगेला कळू नये. आयुष्यभर दुसऱ्यांना शब्द वाटले, त्यामुळे घरी येईपर्यंत ह्यांच्याजवळ काही उरतच नसे. घरातले ह्यांचे संवाद दोनच. एक 'हं' आणि दुसरा 'मीठ'. मी त्यावर संसार केला. चांगला केला.

मग एका प्रयोगात नायक अडला, त्याने आशेने विंगेकडे पाहिले, आणि त्याच क्षणी हे भोवळ येऊन स्टुलावरून खाली आले. नायक बिचारा शब्दाची वाट पाहत तसाच उभा. प्रेक्षकांना वाटले, काय हा अभिनय! कडाडून टाळ्या पडल्या. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात त्या शांततेचे कौतुक आले आणि इकडे हे पलंगावर.

कंपनीचे मालक भेटायला आले. भला माणूस, पण धंदा करणारा. म्हणाले, "नटांच्या कानात बसवायचं एक यंत्र आलंय. माणूस लागतच नाही. तरी नव्या नाटकाच्या पहिल्या प्रयोगापर्यंत मी थांबतो. डॉक्टर हो म्हणाले आणि विंगेत जायचा मागचा लोखंडी जिना तुम्ही तुमच्या पायांनी चढलात, तर स्टूल तुमचं. नाहीतर मग..."

"यंत्र," ह्यांनी वाक्य पुरे केले. सवयच ती.

मालक गेल्यावर हे भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. जेवताना मीठसुद्धा मागितले नाही. तेव्हा मला खरी भीती वाटली. हृदय डॉक्टर सांभाळतील, पण ह्या माणसाचे ते स्टूल गेले तर आत राहील काय?

म्हणून आम्ही, वन्संसकट, नव्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. वयाने आमच्या लेकीएवढ्या. सगळ्या तपासण्या करून, कागद बाजूला सारून त्या म्हणाल्या, "पूर्वी अशा आजारात माणसाला बसवूनच ठेवायचे. आता कळलंय, बेताचा आणि देखरेखीखालचा व्यायाम हेही औषधच आहे. तुमच्या बाबतीत मला हरकत दिसत नाही. फक्त श्वास कोंडून जोर लावायचा नाही, शर्यत लावायची नाही, आणि भोवळ किंवा छातीत फडफड वाटली की थांबून आम्हाला सांगायचं."

"व्यायाम? ह्याला?" वन्संचा हात स्वतःच्याच छातीवर गेला. "अहो बाई, हा रिकामी बादलीसुद्धा..."

"बादली राहू द्या तिथंच. त्यांना चालू द्या."

इस्पितळाच्या तळमजल्यावर पूर्वी चादरी धुवायचे, तिथे आता व्यायामाची खोली होती. भिंतीवर जुन्या नळांच्या तोट्या अजून तशाच, आणि त्यांच्याखाली सरकते पट्टे आणि जागच्या जागी धावणाऱ्या सायकली. तिथे राज्य होते व्यायामताईंचे. चण लहान, आवाज मात्र शाळेच्या घंटेसारखा. शेजारच्या पट्ट्यावर एक टॅक्सीवाले दादा चालत असत. त्यांच्या हृदयाचा स्नायू ह्यांच्या उलट, सैल पडून पसरलेला.

"तुमचा जाड, माझा ढिला," पहिल्याच दिवशी त्यांनी ह्यांना डोळा मारला. "शिंप्याकडे नेऊन दोन्ही जोडले तर एक धड हृदय निघेल बघा."

"हं," हे म्हणाले.

व्यायामताईंनी नियम सांगितला. "तुम्ही घेता त्या गोळ्या नाडीला लगाम घालतात. त्यामुळे तुमची नाडी मला सगळं खरं सांगणार नाही. माझा भरवसा तुमच्या बोलण्यावर. चालताना धड वाक्य बोलता आलं पाहिजे, पण गाता येता कामा नये. गाता आलं तर तुम्ही टिवल्याबावल्या करताय. बोलताही आलं नाही, तर अती करताय."

"ताई, मला तर आडवं पडूनही गाता येत नाही," टॅक्सीवाले म्हणाले.

"ते ऐकलंय मी. पट्ट्याकडे लक्ष द्या."

इथल्या दिवसांशिवाय घरीही रोज सकाळी सपाट रस्त्याने चालायचे होते, आणि सोबत बोलायला कुणीतरी हवे. वन्संनी लगेच हात वर केला. त्या पहिल्या सकाळी घडीची खुर्ची काखेत मारूनच निघाल्या. विजेचा खांब आला की खुर्ची उघडायच्या. "बस जरा." पुढचा खांब आला की पुन्हा "बस जरा." आमची गल्ली संपेपर्यंत पाववाल्याची सगळी पोती दुकानात जाऊन पडली आणि हे जेमतेम कोपऱ्यावर पोचले होते.

दुसऱ्या दिवसापासून काम माझ्याकडे आले. पण माझी एक अडचण होती. उठल्यापासून सकाळची प्रार्थना होईपर्यंत मी बोलत नाही. आईने घालून दिलेला नेम आहे, आजवर चुकवलेला नाही. आणि फिरून आल्यावर अंघोळ, मग प्रार्थना, असा माझा क्रम.

मी हे व्यायामताईंना चाचरतच सांगितले. टॅक्सीवाल्यांचा पट्टा चालू होता, तरी ते हसले. "वहिनींचं मौन आणि भाऊंचं 'हं'! पहाटे रस्त्यावर केवढा गोंगाट होणार!"

ताई मात्र म्हणाल्या, "चालेल की. बोलायचंय त्यांना. तुम्ही ऐका."

पहिल्या सकाळी गल्लीच्या टोकापर्यंत हे नुसते ओठ हलवत राहिले. काय बोलावे ते सुचेना. मग वळणावर अचानक खणखणीत आले, "'प्रधानजी, उद्यापासून ह्या महालात एकही आरसा नको!'"

मी दचकून मागे पाहिले. प्रधानजी नव्हते. एक मांजर होते, ते पळाले.

आणि मग धबधबाच सुरू झाला. राजे बोलले, खलनायक बोलले, दोन बहिणींचे भांडण झाले, एका म्हाताऱ्याचे मृत्यूपत्र वाचून झाले. पाट्या रंगवणाऱ्याच्या दुकानापाशी हे खांबाकडे बघून म्हणाले, "'तुझी पावलं वाजली ना, की मला माझं घर कुठं आहे ते कळतं.'" दुसऱ्या अंकातले वाक्य, दुसऱ्याच कुणाचे, दुसऱ्याच कुणासाठी. तरी माझे कान गरम झाले. संसारात जे ऐकले नव्हते ते रस्त्यात ऐकत होते, आणि उत्तर द्यायची सोय नव्हती. वर्तमानपत्रे टाकणारा सायकल थांबवून म्हणाला, "काका, उद्या पुढचा भाग का?"

ह्यांचा वेग दिवसेंदिवस वाढत गेला. पट्ट्यावरही तेच. बोलणे इतके स्वच्छ, की ताई खूश होऊन वेग एकेक टप्पा वाढवत गेल्या. "वा! दम नावाला नाही. असंच चाललं तर जिना काय, गच्ची गाठाल." हे मान खाली घालून लाजले. टॅक्सीवाले कुरकुरले, "मी चार शब्दांत आटपतो आणि हे अख्खा दरबार भरवतात. माझं काहीतरी चुकतंय."

मला मात्र वेगळे दिसत होते. ह्यांचा आवाज गुळगुळीत, पण कानाच्या पाळ्या पांढऱ्या. शब्द सुटे सुटे, पण मानेवर घाम. घरी आल्यावर, प्रार्थना झाल्यावर विचारले, "तुम्हाला धाप लागते का हो?"

"हं," म्हणाले. हो की नाही, हे त्या 'हं'वरून मला नेहमी कळते. त्या दिवशी पहिल्यांदा कळले नाही.

मग एका सकाळी ह्यांनी सपाट रस्ता सोडला आणि पाण्याच्या टाकीकडे जाणारा चढ धरला. डोळ्यांपुढे तो लोखंडी जिना असणार. तोंडाने सेनापतीचे निरोपाचे भाषण चालूच. मी मागून भराभर गेले आणि तळहात खाली दाबून खूण केली, हळू.

आता नाटकवाल्यांच्या जगात तळहात खाली दाबला की अर्थ होतो, आवाज उतरव. ह्यांनी लगेच आवाज उतरवला. भाषण कुजबुजीत सुरू राहिले आणि पाय होते त्याच वेगाने. मी घराच्या दिशेने बोट हलवले, मागे फिरा. तिकडे त्याचा अर्थ, मागच्या पानावर जा. सेनापती पहिल्यापासून निरोप घेऊ लागला! मी कळवळून दोन्ही हात जोडले. ह्यांनी मान डोलावली, म्हणजे समजले, शेवटचा प्रवेश आहे, आणि ते आणखीनच रंगले.

चढाच्या मध्यावर ह्यांचा हात टपालपेटीकडे गेला. पेटी धरून उभे राहिले, डोळे मिटले, ओठ निळसर, आणि तोंडातून मात्र स्वच्छ, अखंड, "'... ह्या मातीला सांगा, मी परत येईन.'" वाक्य अर्धे टाकायचे नाही, हा विंगेतला धर्म.

नेम मोडायला मी तोंड उघडले होते. देव काही माझ्या मौनाचा भुकेला नाही, हे मला तेवढ्यात कळले होते. पण आवाज फुटायच्या आधी माझे पायच गेले. मी एका बंद दुकानाच्या पायरीवर मटकन बसले.

ह्यांनी डोळे उघडले. मला तसे पाहिले आणि सेनापती कुठल्या कुठे गेला. "अगं... काय... झालं?" आणि पुढे शब्दच नाही. पेटीला धरून हे नुसते श्वास ओढत राहिले. "तू... पाणी..." पुन्हा श्वास.

मी बसल्या जागी थक्क. अख्खे भाषण एका दमात म्हणणाऱ्या माणसाला 'काय झालं' एवढेही जड जात होते. सेनापतीला धाप नव्हती. माझ्या नवऱ्याला होती.

मी ह्यांना शेजारी बसवले आणि श्वास बसेपर्यंत पाठीवरून हात फिरवत राहिले. घरी न जाता आम्ही रिक्षाने थेट इस्पितळात गेलो. रिक्षात बसल्या बसल्या मी मनातल्या मनात प्रार्थना उरकली, त्यामुळे तिथे पोचेपर्यंत माझे तोंड मोकळे होते, आणि मी ते पुरेपूर वापरले. डॉक्टरीणबाईंनी तपासले. कार्डिओग्राम ठीक निघाला, पण बोलणी बसली, आणि आठवडाभर विश्रांती. त्यानंतर व्यायामताईंपुढे उभे केले गेले.

"म्हणा तुमचं ते भाषण," ताई पट्टा सुरू करत म्हणाल्या. भाषण झाले. एक उसासा नाही, एक खळ नाही. "आता मनचं काहीतरी बोला."

"काय बोलू?"

"आज सकाळी काय केलंत?"

"उठलो. मग... चहा... मग..." आणि दम. ताईंनी पट्टा झटकन हळू केला.

टॅक्सीवाल्यांनीसुद्धा आपला पट्टा थांबवला. मग हळूहळू सगळा उलगडा झाला. प्रॉम्प्टरचा श्वास ऐकू येता कामा नये. प्रेक्षकाला ऐकू आला तर खेळ संपला. म्हणून हे लोक पाठ केलेल्या वाक्यातल्या फटी हेरून नाकाने घोटघोट हवा घेतात आणि ती पुरवून पुरवून वापरतात. ह्यांना ते इतके अंगवळणी पडले होते, की आपण काही लपवतो आहोत हे ह्यांना स्वतःलाही ठाऊक नव्हते.

"म्हणजे नाडीवर विश्वास नाही म्हणून मी बोलण्यावर ठेवला," ताई कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "आणि ह्या गृहस्थांचं बोलणं नाडीपेक्षा लबाड! चूक माझीही आहे. तुमचा धंदा काय, ते मी आधी नीट विचारायला हवं होतं."

"आमच्या टॅक्सीचं मीटर बरं हो," टॅक्सीवाले म्हणाले.

सोबत आलेल्या वन्सं कोपऱ्यातून मुसमुसल्या. "मी म्हणत होते. शिंकतानाच मला शंका आली होती."

नवा नियम झाला. नाटकातले एक वाक्य चालणार नाही. जे बोलायचे ते स्वतःचे, आणि मोठ्याने. "कुजबुजीला मार्क नाहीत," ताईंनी बजावले.

वेग एकदम खाली आला. आता रस्त्यात आम्हाला कासवाने ओलांडले असते. आणि पहिला प्रयोग जवळ येत चालला होता. ह्यांचा चेहरा उतरला, पण पट्टा चुकवला नाही की फिरणे चुकवले नाही.

स्वतःचे बोलायचे म्हणजे काय बोलायचे, हे मात्र ह्यांना खरेच येत नव्हते. "हा खांब," हे म्हणायचे. थोड्या वेळाने, "हा दुसरा." मी मान हलवायची. मग खांबांवरून गाडी पाववाल्यावर आली, पाववाल्यावरून वन्संवर. "ताईनं चष्मा... लपवलाय माझा. उंच ठेवलाय. मी काढू नये म्हणून." मला हसू आवरेना. दुसऱ्या दिवशी हे आपण होऊन म्हणाले, "काल तू हसलीस. बरं वाटलं."

पुढे पुढे वाक्ये लांब होत गेली आणि पायही त्यांच्या मागोमाग थोडे भरभर पडू लागले. एका सकाळी, टपालपेटीच्या अलीकडे, हे चालता चालता म्हणाले, "त्या दिवशी विंगेत पडलो ना, तेव्हा मरणाची भीती नाही वाटली. त्याचा शब्द माझ्या तोंडात होता. तो द्यायचा राहिला." थोडे चालले. "आणि तुलाही बरंच द्यायचं राहिलंय, असं आता वाटतं."

माझ्या डोळ्यांत पाणी आले. काही बोलावे असे फार वाटले. पण मी बोलले असते तर हे गप्प झाले असते. आम्ही दोघे एकमेकांना ओळखून आहोत. मी नुसता ह्यांचा हात धरला, आणि वन्संसारखा कोपरापाशी नाही, पंजाच धरला. घरी आल्यावर अंघोळ, प्रार्थना झाली, मी उत्तर द्यायला धावत बाहेर आले. हे वर्तमानपत्र वाचत होते.

"अहो, सकाळी तुम्ही म्हणालात ना..."

"हं," म्हणाले.

पण हा 'हं' मला कळला.

पहिल्या प्रयोगाच्या आदल्या आठवड्यात डॉक्टरीणबाईंनी पुन्हा तपासून जिन्याला परवानगी दिली. रिकाम्या थिएटरात परीक्षा. ताई आल्या, मालक आले, टॅक्सीवाले आपल्या टॅक्सीतून आम्हाला घेऊन आले. आणि वन्सं आल्या, खुर्ची काखेत. जिना अरुंद, उभा, रंग उडालेला. ह्यांनी कठड्यावर हात ठेवला आणि चढायला लागले, मोठ्याने बोलत.

"ही पायरी हलते. मालकांना सांगून... थकलो. इथून खाली पडलेली एक टोपी... राजाची होती, ती अजून..." मध्यावर आले आणि थांबले. मालक खालून पाहत होते. मला वाटले, हे आता दम कोंडून तसेच रेटणार. ओठ घट्ट मिटणार आणि वर जाऊन पडणार.

हे वळले आणि स्पष्ट म्हणाले, "मला दम लागलाय. मी बसतो."

आणि बसले. त्याच पायरीवर.

मालकांनी सुस्कारा सोडला. "म्हणजे नाही जमलं."

"म्हणजे जमलं!" ताईंचा आवाज वरच्या दिव्यांपर्यंत गेला. "मला जिना चढणारा माणूस नको होता. कुठं थांबायचं ते स्वतःच्या तोंडानं सांगणारा हवा होता. दम खाऊन चढू द्या उरलेला."

श्वास बसल्यावर हे उठले आणि पायऱ्यांशी गप्पा मारत सावकाश वर पोचले. मालकांनी डोके खाजवले. "पण रोज मध्ये बसणार कुठं? पायरीवर ये-जा असते, दिव्यांचे लोक असतात."

वन्संचा क्षण आला होता. त्या भराभर अर्धा जिना चढल्या, मधल्या अरुंद कट्ट्यावर घडीची खुर्ची खाडकन उघडली आणि म्हणाल्या, "इथं!" टॅक्सीवाल्यांनी टाळ्या वाजवल्या. यंत्राचे खोके ज्या गाडीतून आले होते त्याच गाडीतून परत गेले.

पहिल्या प्रयोगाला मी ह्यांच्याबरोबर बरीच आधी निघाले. घंटा झाली की विंगेच्या आसपास कुणी बोलायचे नाही, आणि ह्यांना तर बोलतच चढायचे. वही काखेत. अर्धा जिना झाला. "आता बसतो," म्हणून हे वन्संच्या खुर्चीवर टेकले. खाली खुर्च्या भरायला लागल्याची कुजबुज येत होती. हे माझ्याकडे पाहून म्हणाले, "तूही बोल की काहीतरी. आता काही तुझं मौन नाही."

खरेच, संध्याकाळ होती. इतक्या सकाळींची साठवलेली उत्तरे माझ्याजवळ होती. आणि मेली एकही तोंडात येईना. मी कठडा धरून नुसती उभी. ओठ हलतात आणि शब्द नाही.

ह्यांनी माझ्याकडे पाहिले, जसे विंगेतून अडलेल्या नटाकडे पाहत असतील तसे. मग किंचित पुढे झुकून, ओठांनीच, श्वासही न वाजवता हे म्हणाले, "'सावकाश चढा. मी आहे खाली.'"

माझेच वाक्य होते. अगदी तेच मला म्हणायचे होते.

"मोठ्यानं म्हणा," मी पदराने डोळे पुसत म्हटले. "कुजबुजीला मार्क नाहीत."